इंग्रजीतलं 'अ‍ॅग्री' नीट कसं वापरायचं: पटलं, कबूल आहे आणि ठरलं

मी बार्शीकडचा, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम, आणि आता नऊ वर्षं झाली चाकणला एका कारखान्यात एक्सपोर्टचं काम बघतोय. म्हणजे सकाळी आल्यापासून मेल आणि दुपारनंतर कॉल. दरवर्षी आमच्याकडे नवीन पोरं-पोरी लागतात, बहुतेक माझ्यासारखीच गावाकडून आलेली, डिप्लोमा किंवा बीई झालेली, कामात एकदम हुशार, आणि इंग्रजीत ठेचकाळतात ती नेमकी त्याच त्याच जागी. त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे 'अ‍ॅग्री'. शब्द पाचवीतल्या मुलाला पण माहितीये, अर्थ विचारला तर सगळे 'सहमत होणे' म्हणून सांगतात, आणि तरी मेलमध्ये तो चुकीचा पडला की पैसे जातात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी माझ्यावर काय बेतलं ते सांगतो म्हणजे हे एवढं का लिहितोय ते कळेल. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. परदेशातल्या एका ग्राहकाला कास्टिंगचा माल २६ तारखेला जायचा होता आणि तो कॉलवर म्हणाला की १२ लाच हवा, नाहीतर त्याची लाईन बंद पडेल. तो बोलत होता आणि मी मधेमधे 'येस, येस' करत होतो, जसं आपण फोनवर 'हो… हो…' करतो ना तसं, म्हणजे ऐकतोय एवढंच. कॉल संपल्यावर मेल टाकला, त्यात लिहिलं, 'वी अ‍ॅग्री टू युअर डेट.' माझ्या मनात होतं की तुमची अडचण आम्हाला पटते, बघतो काय करता येतं. त्याचं दहा मिनिटांत उत्तर, 'थँक यू. अ‍ॅज अ‍ॅग्रीड, ट्वेल्थ.' झालं. साहेबांनी मेल वाचला आणि म्हणाले, अरे तू तर शब्द देऊन बसलास. निम्मा माल विमानाने पाठवावा लागला, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे फेटलिंगवरच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, पोरांचा रविवार गेला, त्यातल्या एकाच्या घरी त्या दिवशी मुलीचं बारसं होतं. 'टू'च्या जागी 'विथ' असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

काय काय लागेल

फार काही नाही. एक वही. तुमच्या मेलबॉक्समधलं 'सेंट' फोल्डर, म्हणजे तुम्ही स्वतः पाठवलेले मेल. आणि एक लर्नर्स डिक्शनरी, ऑक्सफर्डची किंवा केंब्रिजची, दोन्ही नेटवर फुकट बघता येतात. साधी इंग्रजी-मराठी डिक्शनरी इथे पुरत नाही, कारण त्यात 'अ‍ॅग्री = सहमत होणे, मान्य करणे' एवढंच सापडतं आणि अडतं ते नेमकं त्याच्या पुढे. लर्नर्स डिक्शनरीत शब्दानंतर कुठला छोटा शब्द येतो ते उदाहरणासकट दिलेलं असतं, आपल्याला तेच पाहिजे.

१. आधी 'अ‍ॅम' काढून टाका

'आय अ‍ॅम अ‍ॅग्री', 'आर यू अ‍ॅग्री?', 'वी आर नॉट अ‍ॅग्री'. ह्या तिन्ही चुका एकाच कारणाने होतात. आपण मनात म्हणतो 'मी सहमत आहे', आणि त्या 'आहे'चं 'अ‍ॅम' करतो. पण मराठीतलं 'सहमत' हे विशेषण आहे, त्याला 'आहे' लागतंच, आणि इंग्रजीतलं 'अ‍ॅग्री' हे स्वतःच क्रियापद आहे. 'जातो', 'खातो' सारखं. 'आय अ‍ॅम गो' म्हणतो का आपण? नाही ना.

यावर माझा उपाय असा की मनात 'सहमत आहे' आणायचंच नाही, 'पटतं' आणायचं. 'पटतं' हे पण क्रियापदच आहे, त्याच्या मागे 'आहे' येत नाही. पटतं: आय अ‍ॅग्री. पटत नाही: आय डोन्ट अ‍ॅग्री. पटतंय का?: डू यू अ‍ॅग्री? तेव्हा पटलं होतं: आय अ‍ॅग्रीड. आठवडाभर असं केलं की 'अ‍ॅम' आपोआप गळतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 'आय अ‍ॅम अ‍ॅग्रीइंग विथ यू' असं आपल्याकडे खूप जण बोलतात, पण मत सांगताना ते खटकतं, साधं 'आय अ‍ॅग्री' बास. दोन, मीटिंगच्या शेवटी कोणी 'आर वी ऑल अ‍ॅग्रीड?' किंवा 'वी आर अ‍ॅग्रीड' म्हणालं तर ते बरोबर आहे, शेवटी 'ड' आहे बघा, अर्थ 'आपलं सगळ्यांचं एकमत झालंय ना'. तिथे समोरच्याची चूक काढायला जाऊ नका, आमच्याकडे एका नवीन पोराने काढली होती, तीही ग्राहकाची.

आणि 'ही', 'शी' किंवा 'माय बॉस' आला की 'अ‍ॅग्रीज'. 'माय मॅनेजर अ‍ॅग्री विथ धिस' असं लिहिलेलं मी रोज बघतो.

२. मागचा छोटा शब्द ओळखा: विथ, टू, ऑन

सगळा खेळ इथे आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. आपल्याकडे यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण कधीच चुकत नाही: पटणे, कबूल होणे, ठरणे. इंग्रजीत तिन्हीला 'अ‍ॅग्री'च, पण मागचा छोटा शब्द बदलतो.

पटलं असेल तर 'विथ'. हे फक्त मत आहे. माणूस असो, त्याचं म्हणणं असो किंवा एखादा निर्णय असो, मला ते योग्य वाटतं इतकंच मी सांगतोय, काही करायचं अंगावर घेतलेलं नाही. 'आय अ‍ॅग्री विथ यू', 'आय अ‍ॅग्री विथ युअर पॉइंट', 'आय डोन्ट अ‍ॅग्री विथ धिस डिसिजन'. ह्या शब्दाचं मूळ पण तिकडेच जातं, जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला 'ग्रातुस' आहे, म्हणजे मनाजोगतं, आवडीचं. 'ग्रेटफुल' आणि 'ग्रॅटिट्यूड' त्याच घरातले.

कबूल असेल तर 'टू'. समोरच्याने काहीतरी मागितलंय, अट घातलीये, प्रस्ताव ठेवलाय, आणि आपण त्याला होकार देतोय. ते आपल्याला मनातून आवडलंय की नाही हा प्रश्नच नाही. 'वी अ‍ॅग्री टू युअर टर्म्स' म्हणजे तुमच्या अटी कबूल. पुढे क्रियापद आलं तरी 'टू'च: 'ही अ‍ॅग्रीड टू पे', 'दे अ‍ॅग्रीड टू वेट'. हा शब्द देणं आहे. एकदा लिहिलं की समोरचा तुम्हाला धरणार, आणि त्याचं काही चुकत नाही.

ठरलं असेल तर 'ऑन'. इथे दोघं किंवा जास्त लोक बसलेत, घासाघीस झालीये आणि एका गोष्टीवर येऊन थांबलेत. 'वी अ‍ॅग्रीड ऑन द प्राइस', 'दे कुडन्ट अ‍ॅग्री ऑन अ डेट'. म्हणून इथे करणारा बहुतेक वेळा अनेकवचनीच असतो, वी, दे, बोथ साइड्स. एकट्याचं कधी ठरत नाही, एकट्याला पटतं किंवा कबूल असतं.

लग्नाचं उदाहरण घ्या म्हणजे पक्कं बसेल, मी नवीन लोकांना हेच देतो. मुलीला मुलाचे विचार पटले: शी अ‍ॅग्रीड विथ हिम. मुलीने स्थळाला होकार दिला: शी अ‍ॅग्रीड टू द मॅच. मग दोन्हीकडची मोठी माणसं याद्या करायला बसली, एका बाजूला मुलीचे काका वही-पेन घेऊन, समोर मुलाचे मामा, मधे चहाचे कप, कार्यालयाचा खर्च निम्मानिम्मा, जेवण मुलीकडचं, मानपानाच्या साड्या किती, आहेर घ्यायचा की नाही, एकेक ओळ लिहून खाली दोघांच्या सह्या. बोथ फॅमिलीज अ‍ॅग्रीड ऑन एव्हरीथिंग. आता बघा, विचार पटलेत म्हणून होकार दिलाच असं होत नाही, आणि होकार दिला म्हणून याद्या झाल्या असंही होत नाही. मराठीत ही तीन पायऱ्यांची समज आपल्याला जन्मापासून आहे, फक्त इंग्रजी बोलताना ती आपण घरी ठेवून येतो.

दोन शब्द एकत्र पण येतात. 'आय अ‍ॅग्री विथ यू ऑन धिस पॉइंट', म्हणजे ह्या मुद्द्यावर तुमचं पटतं. माणसाला 'विथ', मुद्द्याला 'ऑन'. कागदोपत्री भाषेत 'ऑन'चं 'अपॉन' होतं, 'अ‍ॅग्रीड अपॉन', अर्थ तोच.

ब्रिटिश ग्राहक असेल तर तो 'ऑन' गाळून पण लिहील, 'वी नीड टू अ‍ॅग्री अ प्राइस'. ते चूक नाही, तिकडची पद्धत आहे. अमेरिकन माणूस तसं सहसा लिहीत नाही. आपण आपलं 'ऑन' लावावं, दोन्हीकडे चालतं.

३. जिथे हमखास पाय घसरतो

पहिला घसरडा म्हणजे 'फॉर'. 'वी अ‍ॅग्री फॉर धिस', 'सर अ‍ॅग्रीड फॉर द प्लॅन'. हे येतं 'ह्यासाठी आम्ही तयार आहोत' ह्यातल्या 'साठी'मधून. भारतात सगळीकडे ऐकू येतं, पण बाहेरच्याला कळत नाही की तुम्हाला 'टू' म्हणायचंय का 'विथ'. म्हणजे नेमकं तुम्हाला पटलंय की तुम्ही शब्द दिलाय हेच त्याला समजत नाही. 'फॉर' आला की थांबायचं आणि मनात विचारायचं, पटलंय की कबूल आहे?

दुसरा, माणसाला 'अ‍ॅग्री' करणं. आपण बोलताना सर्रास म्हणतो, 'मी साहेबांना अ‍ॅग्री केलं'. आणि मग लिहितो 'आय अ‍ॅग्रीड माय बॉस'. असं होत नाही. पटणे वेगळं आणि पटवणे वेगळं, आणि पटवण्याला इंग्रजीत दुसराच शब्द आहे, 'कन्व्हिन्स' किंवा 'पर्स्वेड'. 'आय कन्व्हिन्स्ड माय बॉस.' नाहीतर 'आय गॉट हिम टू अ‍ॅग्री'. तसंच 'ही अ‍ॅग्रीड मी टू गो होम' नाही, 'ही अ‍ॅग्रीड टू लेट मी गो होम' किंवा सरळ 'ही लेट मी गो'.

तिसरा फार फसवा आहे: 'आय कुडन्ट अ‍ॅग्री मोअर'. 'कुडन्ट' ऐकलं की आपल्याला वाटतं गडी नाही म्हणतोय. खरं तर तो म्हणतोय की याहून जास्त पटणं शक्यच नाही, म्हणजे अगदी माझ्या मनातलं बोललात. आमची एक सहकारी हे ऐकून अर्धा तास आपल्या मुद्द्याचं समर्थन करत बसली होती आणि समोरचा बिचारा गोंधळून गेला होता. मात्र शेवटी 'लेस' आला, 'कुडन्ट अ‍ॅग्री लेस', तर मात्र अजिबात पटलेलं नाही.

चौथा, मराठी वाक्याची उलटी रचना. 'तुमचा मुद्दा मला पटतो' ह्यात कर्ता मुद्दा आहे. त्यावरून कोणी 'युअर पॉइंट अ‍ॅग्रीज विथ मी' असं केलं तर इंग्रजी माणसाला ते विचित्र लागतं, कारण 'अमुक अ‍ॅग्रीज विथ मी' ही रचना खाण्यापिण्याची आणि हवापाण्याची आहे. 'मिल्क डझन्ट अ‍ॅग्री विथ मी' म्हणजे मला दूध मानवत नाही. आणि हे किती छान जुळतं बघा, 'मला दूध मानवत नाही', 'मला इथली हवा मानवली', जसंच्या तसं मराठी वाक्य उचलून इंग्रजीत ठेवा, चालतं. परदेशात कोणी जेवायला बोलावलं आणि एखादी गोष्ट सोसत नसेल तर 'आय डोन्ट लाइक' म्हणण्यापेक्षा हे म्हणा, समोरच्याला वाईट वाटत नाही.

आकड्यांनाही हाच शब्द. 'द टू टोटल्स डोन्ट अ‍ॅग्री', दोन बेरजा जुळत नाहीत. अकाउंटवाले हे रोज वापरतात. आणि व्याकरणातही, 'द व्हर्ब अ‍ॅग्रीज विथ द सब्जेक्ट', क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. आपल्याकडे 'रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली' ह्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, तो कर्मणी प्रयोग, शाळेत झालाय सगळ्यांचा.

४. 'हो'चं भाषांतर करू नका

हे व्याकरणात येत नाही पण नुकसान सगळ्यात जास्त ह्यानेच होतं. मराठीत 'हो' म्हणजे किमान चार गोष्टी. ऐकतोय. कळलं. पटलं. करतो. आपल्या माणसाला सुरावरून समजतं कुठलं 'हो' आहे. फोनवर परदेशी माणसाला तुमचा सूर कळत नाही, त्याला 'येस' ऐकू येतं आणि तो वहीत लिहितो 'अ‍ॅग्रीड'. म्हणून प्रत्येक 'हो'ला वेगळं वाक्य ठेवा.

ऐकतोय: 'आय अ‍ॅम लिसनिंग, प्लीज गो ऑन.'

कळलं: 'आय अंडरस्टँड.' किंवा 'आय सी युअर पॉइंट.' ह्यात पटल्याचं काहीच नाही, हे लक्षात घ्या, खूप जण ह्यालाच होकार समजतात, स्वतःचा पण आणि समोरच्याचा पण.

पटलं, पण करता येईल का माहीत नाही: 'आय अ‍ॅग्री विथ यू, बट आय नीड टू चेक विथ माय टीम.' माझ्या त्या १२ तारखेच्या मेलमध्ये हे वाक्य हवं होतं.

तत्त्वतः मान्य, बारकावे बाकी: 'वी अ‍ॅग्री इन प्रिन्सिपल.' हे जपून वापरा. सरकारी बातम्यांत 'तत्त्वतः मंजुरी' येते आणि काम दोन वर्षांनी सुरू होतं, तसाच हा प्रकार, ऐकणाऱ्याला पण माहीत असतं की अजून काहीतरी अडलंय.

अटीवर कबूल: 'वी कॅन अ‍ॅग्री टू धिस, प्रोवायडेड दॅट यू सेंड द ड्रॉइंग बाय मंडे.' अट त्याच वाक्यात पाहिजे. पुढच्या मेलमध्ये घातलेली अट म्हणजे नवीन भांडण.

करतो, पक्कं: 'अ‍ॅग्रीड.' एवढा एकच शब्द मेलमध्ये पुरतो. म्हणूनच तो लिहायच्या आधी एकदा साहेबांना विचारा.

नाही पटत हे सांगायलाही शिका, आपण त्यात फार संकोचतो आणि मग संकोचून 'येस' म्हणून बसतो. थेट 'आय डिसअ‍ॅग्री' जरा कडक वाटतं, वरिष्ठ असेल तर जास्तच. 'आय अ‍ॅम नॉट शुअर आय अ‍ॅग्री' किंवा 'आय डोन्ट क्वाइट अ‍ॅग्री' म्हणा आणि लगेच कारण द्या. कारण दिलं की कोणी रागावत नाही, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव. आणि वाद ताणत चालला तर 'लेट्स अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री', तुमचं तुमच्यापाशी आमचं आमच्यापाशी, पुढे चला. मात्र हे मतांपुरतं. दर किंवा तारीख ठरायची असताना हे म्हणालात तर कामच थांबेल.

५. 'अ‍ॅज अ‍ॅग्रीड' दिसलं की थांबा

मेलच्या सुरुवातीला 'अ‍ॅज अ‍ॅग्रीड' किंवा 'अ‍ॅज पर अवर अ‍ॅग्रीमेंट' असं आलं की समोरचा सांगतोय, हे आधीच ठरलेलं आहे, आता चर्चा नाही. ठरलेलं असेल तर ठीक. नसेल तर त्याच दिवशी उत्तर द्या, भांडायचं नाही, साधं लिहायचं: 'वी डिस्कस्ड धिस, बट वी हॅव नॉट अ‍ॅग्रीड ऑन इट येट.' बोलणं झालं पण ठरलेलं नाही. गप्प राहिलात तर महिन्याभराने तोच मेल तुमच्यासमोर छापून येतो. आणि हेच उलट, आपणही कधी चहा पिताना झालेल्या बोलण्याला 'अ‍ॅज अ‍ॅग्रीड' लिहू नये.

६. अ‍ॅग्रीमेंट म्हणजे नुसता कागद नाही

मराठीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घरभाड्याचा कागदच येतो, अकरा महिन्यांचा. इंग्रजीत तो कागद पण अ‍ॅग्रीमेंट आणि मनातलं एकमत पण अ‍ॅग्रीमेंट. 'वी आर इन अ‍ॅग्रीमेंट' म्हणजे आमचं एकमत आहे, कागद कुठेच नाही. कागदाला 'साइन अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट', आणि बोलणी करून एकमतापर्यंत येण्याला 'रीच अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट'. जुन्या राजकीय करारांनाही हाच शब्द लागतो, २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणूनही लिहितात आणि 'पॅक्ट' म्हणूनही, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार मात्र 'पॅक्ट' म्हणूनच ओळखला जातो.

कायद्यात ह्या शब्दाची व्याख्या इतकी नेमकी आहे की मला ती वाचल्यावर हा सगळा विषय उलगडला. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम १३ सांगतं की दोन किंवा जास्त माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने 'अ‍ॅग्री' होतात तेव्हा संमती झाली असं म्हणायचं. एकाच अर्थाने! माझ्या त्या मेलमध्ये गोष्ट एकच होती, १२ तारीख, पण अर्थ दोन होते. त्याच कायद्यात असंही आहे की जे अ‍ॅग्रीमेंट कायद्याने अंमलात आणता येतं ते 'कॉन्ट्रॅक्ट'. म्हणजे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये अ‍ॅग्रीमेंट असतं, पण प्रत्येक अ‍ॅग्रीमेंट कॉन्ट्रॅक्ट होत नाही. मित्राला रविवारी सिनेमाला येतो म्हणालात तर कोर्टात कोणी नेत नाही.

पुण्या-मुंबईत नवीन आला असाल तर भाड्याच्या घराचं पण सांगून टाकतो, विषय आलाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा तो करार, लेखी असायला पाहिजे आणि नोंदणी झालेलं पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध केलं तरच नाही. म्हणून एजंट 'नोटरी करून घेऊ, कशाला खर्च' म्हणाला तर नाही म्हणा. सही करण्याआधी चार जागा वाचा: डिपॉझिट किती आणि कधी परत, नोटीस पीरियड किती, रंगाचा खर्च कोणाचा, आणि लॉक-इन आहे का, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट. मसुद्यात 'द लायसन्सी अ‍ॅग्रीज टू' अशी वाक्यं शोधा, लायसन्सी म्हणजे घर घेणारे तुम्ही. त्या 'टू'च्या पुढे जे जे आहे ते सगळं तुम्ही कबूल करताय. 'द पार्टीज अ‍ॅग्री दॅट' असेल तर ते दोघांनाही लागू.

मोबाईलवरचं 'आय अ‍ॅग्री' बटण पण ह्यातच येतं. त्यात मागे 'विथ' पण नसतं आणि 'टू' पण नसतं, पण वरची ओळ वाचा, तिथे बहुतेक 'अ‍ॅग्री टू द टर्म्स' असंच असतं. म्हणजे कबूल. नुसतं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालं म्हणून करार रद्द ठरत नाही, हे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ मध्ये आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर तो अंगठा दाबण्याआधी तरी एवढं आठवा.

७. शेजारचे शब्द

पटापट सांगतो. आमंत्रण, भेट, नोकरीची ऑफर हे 'अ‍ॅक्सेप्ट' करतात, 'अ‍ॅग्री' नाही. रजा, बिल, बजेट वरचा माणूस 'अ‍ॅप्रूव्ह' करतो. चूक किंवा गुन्हा कबूल करणं म्हणजे 'अ‍ॅडमिट'. इथे मराठीतलं 'कबूल' फसवतं, 'त्याने चोरी कबूल केली' ह्याचं 'ही अ‍ॅग्रीड द थेफ्ट' होत नाही. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमध्ये सही घेतात ते 'कन्सेन्ट'. आणि 'अ‍ॅग्रीएबल' हा शब्द माणसाच्या स्वभावाला किंवा हवेला लावला की छान, सुखद असा अर्थ होतो, दर परवडतोय असं सांगायचं असेल तर 'अ‍ॅक्सेप्टेबल' लिहा.

उच्चाराचंही एक. मराठीत आपण 'अ‍ॅ' मोठा करून म्हणतो, ते आपल्यात ठीक आहे. इंग्रजीत पहिलं अक्षर अगदी हलकं, 'अ', आणि सगळा जोर 'ग्री'वर. अग्रीऽ. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन 'ई' आहेत, 'इंग' लावताना दोन्ही तसेच ठेवायचे, आणि भूतकाळ करताना फक्त 'डी' वाढवायचा, तिसरा 'ई' घालायचा नाही.

८. पहिल्या दोन आठवड्यांचा सराव

पहिल्या दिवशी सेंट फोल्डरमध्ये 'अ‍ॅग्री' शोधा. जितके मेल येतील त्यातली वाक्यं वहीत डावीकडे उतरवा आणि उजवीकडे मराठीत लिहा, तेव्हा मला म्हणायचं काय होतं, पटलं, कबूल की ठरलं. मी हे केलं तेव्हा सतरा वाक्यं निघाली आणि त्यातल्या अकरांमध्ये मागचा शब्द चुकलेला होता. मग प्रत्येक वाक्य खाली दुरुस्त करून लिहा. दुसऱ्या दिवसापासून नवीन मेल पाठवण्याआधी 'अ‍ॅग्री'वर बोट ठेवून तोच एक प्रश्न.

आणि कॉल झाल्यावर अर्ध्या तासात एक मेल. मी अजूनही प्रत्येक कॉलनंतर पाठवतो, तीन भागांत. 'वी अ‍ॅग्रीड ऑन द फॉलोइंग', खाली जे खरंच ठरलं तेवढंच, तारीख आणि आकड्यासकट. मग 'वी डिस्कस्ड बट डिड नॉट अ‍ॅग्री ऑन', खाली जे लटकलेलं आहे ते. आणि शेवटी 'प्लीज लेट मी नो इफ यू डोन्ट अ‍ॅग्री'. मधला भाग लिहायला सुरुवातीला जड जातं, असं वाटतं की आपणच अपूर्ण राहिलेलं काम दाखवतोय, पण ग्राहक सगळ्यात आधी तोच वाचतो आणि उत्तरही त्यालाच देतो.